पूर्णेच्या पात्रात पायताण

पूर्णा नदीत मासे धरायला मी गुडघ्याएवढे गमबूट घालून उतरलो.

कुणी भरीला पाडलं नव्हतं. उलट चौघांनी नको म्हणून सांगितलं होतं. बूट माझ्या मेहुण्याचे. तो धरणाच्या कामावर मुकादम आहे आणि काँक्रीट ओतताना हे बूट घालतो. माझा विचार असा, की नदीत पाणी असतं, गमबुटात पाणी शिरत नाही, म्हणजे नदीला गमबूट. हायस्कुलात पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या माणसाची अक्कल याच्यापुढे जात नाही.

परत आल्यापासून कऱ्हाडात जो भेटतो तो विचारतो, "काय मास्तर, मराठवाड्यात बुडाला होता म्हणे?" बुडालो नव्हतो. तिथं पाणी मांडीएवढंच होतं, आणि मांडीएवढ्या पाण्यात बुडायला जी हुशारी लागते ती माझ्याकडे नाही. तेव्हा सगळं एकदाच लिहून टाकतो. नदीत पायताण घालावं की नाही, घालावं तर कुठलं, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ते ज्यांना रुचणार नाही त्यांनी माझ्या दारावरून जाताना खुशाल मान फिरवावी.

पहिला दिवस : डोह

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि त्या साली पाऊस चांगला झाला होता. दिवाळीच्या सुट्टीत साळवे गुरुजींनी बोलावलं. साळवे आणि मी पुण्याच्या एका शिक्षक शिबिरात एका खोलीत राहिलो होतो. तिथं ते रोज रात्री पूर्णेच्या माशांची वर्णनं करायचे आणि मी मेसची पातळ आमटी आठवत झोपायचो. त्यांचं गाव जाफराबादपासून दोन कोसांवर, नदीच्या अगदी काठाला. गावाचं नाव लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

कऱ्हाड ते जाफराबाद एसटीनं कसं जायचं हेही लिहीत नाही. ज्यांना कंबर नको आहे त्यांनी स्वतः जाऊन बघावं.

गावात शिरताना दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. आमच्याकडे या दिवसांत ऊस अंगावर येतो, पलीकडचं काही दिसू देत नाही. इथं रान मोकळं, काळंभोर, नजर पोचेल तिथवर. साळव्यांच्या घरी वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी वाढली. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं काळपट पीठ. आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या जिवावर मी मोठ्या ऐटीत पहिला घास घेतला आणि पुढची पाच मिनिटं पाण्याचा तांब्या तोंडापासून काढला नाही.

"तिखट झालं का भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

"छे छे," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

कोपऱ्यात बसून भाकरी खाणारे साळव्यांचे वडील, आबा, पहिल्यांदाच बोलले. "पावणं खोटं बोलून राह्यलंय. ताक द्या त्याला."

आबा सत्तरीला टेकलेले. अंगानं काटकुळे, पण चालणं असं की जमीन स्वतःची असल्यासारखं. पायात कायम टायरच्या चपला, मागून टाचेला पट्टा असलेल्या. उंबऱ्याच्या आत सोडायचे, बाहेर पाऊल टाकलं की पायात. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं, गमबुटांकडे तीनदा.

"हे कशाला?"

"नदीत उतरायला."

"उतराल बराबर," आबा म्हणाले. "निघायचं कसं ते ठरीवलं का?"

दुपारी नदीवर गेलो. गावाकडून येणारी वाट जिथं पात्राला मिळते तिथं मोठा डोह आहे. त्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेले सात दगड. त्या आसरा, पाण्यातल्या बाया. आसरा आमच्या कृष्णाकाठीही आहेत, पण तिथं आम्ही घाटावर बसून गळ टाकतो. इथं मासा काठाला येतच नाही. तो मधल्या धारेत, खडकांच्या आडोशाला उभा असतो. त्याच्यापर्यंत आपण चालत जायचं. म्हणजे पायाखाली काय आहे यावर सगळं. आणि पायाखाली इथं काळा पत्थर, त्यावर शेवाळाचा थर, साबण लावून ठेवल्यासारखा.

साळव्यांनी काठावर चपला काढल्या. "इथं सगळे काढतात," ते म्हणाले. मी ऐकलं आणि सोडून दिलं. गळाची बांबूची काठी खांद्यावर घेऊन, मेहुण्याचे बूट घालून, सरळ दगडांच्या शेजारून पाण्यात गेलो. पायाखाली काहीतरी फचकन फुटलं. तिकडं बघायला सवड नव्हती, कारण पाचव्या पावलाला पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि दोन्ही बुटांत वरून ओतलं गेलं.

ज्यांनी भरलेली घागर पायाला बांधून चालून बघितलेलं नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. गमबुटात पाणी शिरत नाही हे खरं. एकदा शिरलेलं बाहेरही पडत नाही, हेही तितकंच खरं. मी उजवा पाय उचलला, तो आला नाही. डावा उचलला, तो घसरला. मग मी पाण्यात बसलो, आणि धारेनं मला बसल्या बसल्याच पुढं सरकवायला सुरुवात केली.

तेवढ्यात काखेत कुणीतरी हात घातला. आबा. ते खालच्या अंगानं, तीसेक पावलांवरून, पाण्यात उतरले होते आणि त्या साबणावरून असे आले जसे अंगणातून. पायात चपला तशाच. मला ओढत काठाला आणून त्यांनी बुटांतलं पाणी ओतलं. एका बुटातून एक बोटाएवढी मासोळी पडली.

"लागला की मासा," आबा म्हणाले.

काठावर जाळं धूत बसलेली काशीबाई भोईण मात्र हसली नाही. आसरांची पूजा तिच्या घराकडे. तिनं दगडांपुढची माती बोटानं उकरली आणि चिरडलेलं लिंबू मला दाखवलं. "सकाळी ठेवलं व्हतं," म्हणाली. "तुमच्या त्या नळकांड्यानं केलं हे."

मी माफी मागितली. तिनं लिंबू नदीत टाकलं आणि पुन्हा जाळ्याला लागली. मला वाटलं, संपलं.

दुसरा दिवस : चार पाय, चार तऱ्हा

दुसऱ्या दिवशी मी डोह सोडून आबांच्या खालच्या जागेवर गेलो. हट्ट असा, की आज योग्य पायताण सापडल्याशिवाय घरी जायचं नाही.

आधी रबरी स्लिपर. पहिल्याच धारेला डावी पायातून सुटली आणि माझ्यापेक्षा चांगली पोहत परभणीच्या दिशेनं गेली. मग शाळेचे पी.टी.चे कॅनव्हास बूट. पायाला घट्ट बसतात, सुटत नाहीत, बोटं ठेचत नाहीत. मी खूश होतो. पण तळ गुळगुळीत रबराचा, त्यामुळे शेवाळावर पाय ठेवला की पाय एकीकडे आणि मी दुसरीकडे. शिवाय आत वाळू जाऊन बसते ती किसणीसारखी काम करते. तासाभरात दोन्ही घोट्यांची साल गेली. शेवटी साळवे म्हणाले तसं अनवाणी. साळव्यांचे आणि भोयांचे तळवे लहानपणापासून या पत्थरावर कमावलेले. माझे तळवे चाळीस वर्षं वर्गातल्या फरशीवर जपलेले. दहाव्या पावलाला शिंपला टाचेत गेला.

मी एका खडकावर बसून टाच दाबत होतो आणि समोर आबा धारेच्या मधोमध उभे होते. पाणी मांडीपर्यंत, हातात काठी, पाय हलत नव्हते. सरकायचं झालं तर आधी एक पाऊल चाचपून ठेवायचे, भार द्यायचे, मग दुसरं. त्या दुपारी त्यांनी दोन शिंगाडे, म्हणजे ते मिशीवाले मासे, काढले. मी स्वतःच्या टाचेतून शिंपला काढला.

घरी आल्यावर त्यांच्या चपला भिंतीला उलट्या टेकवून वाळत घातलेल्या दिसल्या. मी गेलो आणि उचलल्याच. टायरचा तळ, आणि पुढच्या अर्ध्या भागाला खालून जाड, दडपलेल्या लोकरीचा तुकडा शिवलेला. ओला झाला की स्पंजासारखा, पण चिवट. बोटानं घासून बघितलं. पाटी पुसायचं फडकं शेवाळ पुसेल तसं हे पुसत असणार, आणि पत्थराला धरून बसत असणार. टाच तेवढी नुसत्या टायरची.

"माझ्या पायताणाला हात लावायचा असंल तर आधी इचारायचं," मागून आवाज आला.

मी दचकलो. दोन्ही चपला दोन्ही हातांत. आबा दारात उभे होते, आणि बघता बघता हसायला लागले. इतके की खोकला आला. वहिनी धावत बाहेर आल्या.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. आमच्या खानदानात पायताण हातात घेऊन चालनारे लई झाले. दुसऱ्याचं कुणी हातात घेतल्यालं आज पहिल्यांदाच बघून राह्यलो."

मग बाजेवर बसून त्यांनी सांगितलं, काल काय खाल्लं ते सांगावं तितक्या सहज. पूर्वी वेशीच्या आत त्यांच्या लोकांनी पायात काही घालायचं नाही अशी रीत होती. त्यांचे वडील नदीला जाताना चपला काखेत मारायचे, गाव ओलांडला की घालायचे, येताना पुन्हा काखेत. "बापाची एक जोडी बारा वर्सं टिकली," आबा म्हणाले. "झिजणार कशी? पायात कमी, काखेतच जास्ती." छप्पन साली आबा दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात जाफराबादहून टायरची जोडी आणली. तेव्हापासून घराबाहेर पायातली चप्पल कुणासाठी उतरवली नाही. रस्त्यात नाही, शेतात नाही, पाण्यात नाही. पाण्यात घसरायला लागलं म्हणून हा लोकरीचा तुकडा.

"आणि गाव काही बोललं नाही?"

"सुरवातीला बोललं. मंग मी खालून उतरायला लागलो, मागच्या गल्लीनं जाऊन. त्यांनी बघायचं न्हाई, मी दाखवायचं न्हाई. वीस वर्सं असं चाललंय."

कृष्णेच्या घाटावर मी जन्मभर चपला कुठं काढायच्या, चोरीला जाणार नाहीत ना, एवढंच बघत आलो. कुणाला त्या घालूच दिल्या नव्हत्या, हे आमच्याही गावात असणार. माझ्या डोळ्यांना ते कधी दिसलं नव्हतं. चित्रकलेच्या मास्तराचे डोळे!

"आबा, मला अशीच जोडी पाहिजे," मी म्हणालो.

आबांनी माझ्या सुजलेल्या टाचेकडे बघितलं. "उद्या बाजार हाय. अमीनभाईला सांगा, आबानं धाडलंय."

तिसरा दिवस : जाफराबादचा बाजार

अमीनभाई बाजाराच्या टोकाला चिंचेखाली बसतात. वडील घोड्यांची खोगिरं करायचे. घोडे गेले, टांगे गेले, म्हणून हे टायरच्या चपला करतात. त्यांनी माझा पाय हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "मास्तर, पानी में चलना है या शादी में?"

"पानी में."

"तो फिर ये नक्को, वो भी नक्को." पुढ्यातल्या तयार जोड्या त्यांनी बाजूला सारल्या. "पायाला घट्ट पाहिजे. आगे अंगुली झाकली पाहिजे, नाही तो पत्थर नाखून काढतो. पानी शिरलं तर शिरू द्या, जल्दी निकललं पाहिजे. और पीछे पट्टा. बिना पट्टे की चप्पल नदी की होती है, तुम्हारी नहीं."

माझी डावी स्लिपर मला आठवली.

आबांनी धाडलंय म्हटल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं आणि जुन्या खोगिराखालचा नमदा काढला. नमदा म्हणजे तीच दडपलेली लोकर. घोड्याच्या पाठीला खोगीर घासू नये म्हणून घालतात. "हा मागणारा पूर्ण तालुक्यात एकच माणूस," ते म्हणाले. "आता तुम्ही दुसरे. खाली अर्धाच लावतो. पूरा लावला तर चिखलात पडाल. पत्थर को पकडता है, कीचड में फेकता है."

मी त्यांना पूर्ण लावायला सांगितलं. अर्ध्यानं इतकं धरतं तर अख्ख्यानं दुप्पट धरेल, असा माझा विचार. अमीनभाईंनी आभाळाकडे बघितलं आणि पूर्ण लावला.

सात लिंबंही घेतली, काशीबाईसाठी. पण परत येताना गावच्या थांब्यावर मी या सहलीतली दुसरी मोठी चूक केली. जो भेटला त्याला थांबवून जोडी दाखवली. "आबांसारखी! आता उद्या बघा मी नदीत कसा चालतो!" ऐकणाऱ्यांत नानासाहेबांचा पुतण्या होता हे मला काय ठाऊक.

नानासाहेब गावातले जुने जमीनदार आणि शाळा समितीचे अध्यक्ष. संध्याकाळी ते साळव्यांच्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, पण बोलणं अगदी मऊ.

"गुरुजी, परवा पावण्यानं बूट घालून आसरांचं लिंबू चिरडलं. लोकांत बोलणं चाललंय. आता आनखी एक जोडी आली म्हणतात. एकाचे दोन झाले, दोनाचे धा व्हतील. तवा उद्यापासून डोहात काय, खाली काय, पायताण घालून कुणीच उतरायचं न्हाई. कुणीच." शेवटचा शब्द त्यांनी आबांकडे न बघता म्हटला.

ते गेले. वीस वर्षं न बघता चाललेली गोष्ट मी तीन दिवसांत चव्हाट्यावर आणली होती.

"आबा," साळवे म्हणाले, "दोन-चार दिवस जाऊच नका नदीला. मास्तर गेले की मिटंल सगळं. माझी नोकरी याच शाळेत हाय. त्यांनी मनावर घेतलं तर बदली पार तिकडं अंबडच्या पल्याड व्हईल."

"व्हईल," आबा म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? अंबडला बी नदी असंल."

मी म्हणालो, चूक माझी आहे, उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतो. आबा माझ्याकडे वळले. "आन् ही जोडी? फुकट बनवली का अमीनभाईनं? घान करून पळायचं न्हाई, मास्तर. उद्या माझ्यासंगं उतरायचं."

चौथा दिवस : पात्र

ऊन चांगलं वर आल्यावर निघालो. पुढे आबा, मागे मी. साळवे घरीच थांबले. आबा मागच्या गल्लीला न वळता गावातल्या मोठ्या रस्त्यानं निघाले.

"आबा, वाट चुकली," मी म्हणालो.

"वीस वर्सं चुकली व्हती. आज बराबर चाललोय."

नानासाहेबांच्या दारावरून गेलो. नमदा सुका असला की आवाज करत नाही, याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. डोहावर नानासाहेब, पुतण्या आणि सात-आठ माणसं उभी. काशीबाई तिच्या जागी, जाळं मांडीवर. मी लिंबं तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं मोजल्यासारखं केलं आणि दगडांपुढे मांडली.

"आबा," नानासाहेब म्हणाले, "भांडण बिलकुल न्हाई. तुमचा मान हाय गावात. पण रीत ती रीत. सोडा पायातून."

"सोडून ठेवू कुठं? काठावर कुत्री नेत्यात."

"मंग घ्या की हातात."

ते सहज आलं होतं. नानासाहेबांच्या तोंडावर राग नव्हता, कपटही नव्हतं. जुनी सवय नुसती. पण काशीबाईचे हात थांबले, आणि उभ्या माणसांतल्या दोघा-तिघांनी खाली बघितलं. आबा हसले नाहीत.

"हातात घेऊन माझा बाप गेला," आबा म्हणाले. "तुमच्याच दारावरून. मरेपत्तुर. मी घेनार न्हाई, माझा पोरगा घेनार न्हाई. आसरांच्या दगडाला माझा पाय कधी लागला न्हाई, लागनार बी न्हाई. पन पायातलं पायातच ऱ्हाईल."

"आसरांचा कोप झाला म्हंजे?"

इथं काशीबाई बोलली. बसल्या जागेवरूनच. "नानासाहेब, पूजा मी करते. माझ्या सासूनं केली. मला कुणी इचारलं का? आसरांचं लिंबू ह्या भोपळ्यानं चिरडलं. त्यानं भरून दिलं, आमचं मिटलं. पायताणाचं आसरांनी कधीच काढलं न्हाई. तुम्ही काढून राह्यले."

भोपळा मी. पण मी तो मान आनंदानं घेतला.

आबा दगडांना पाच पावलांचं अंतर राखून पाण्यात उतरले. पुतण्या त्यांना अडवायला अनवाणी पुढे धावला. आडव्या खडकावर त्यानं पाय ठेवला, आबांच्या दंडाला हात घातला, आणि त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. तो छातीपर्यंत पाण्यात बसला. आबा हलले नाहीत. चाचपून पाऊल ठेवलं, भार दिला, दुसरं ठेवलं, त्याच्या शेजारून पुढे गेले.

"बसा," म्हणाले. "पानी गार हाय. बरं वाटंल."

काठावर कुणीतरी फसकन हसलं. मग मी निघालो. काठाचा चिखल मधे होता. अमीनभाईंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. पूर्ण नमद्यानं मला चिखलात असं फेकलं की मी पाण्यात चालत नाही, घरंगळत शिरलो. पण एकदा पत्थरावर उभा राहिलो आणि कमाल झाली. पाय धरून बसले. पाणी आत येई आणि बाहेर जाई, अंगठ्याला ठेच नाही, टाच पट्ट्यात घट्ट. चार दिवसांत पहिल्यांदाच मी पूर्णेत उभा होतो. मी नानासाहेबांकडे वळून बघितलं, छाती काढून, माझीच शेती असल्यासारखं.

तेव्हाच मागे धप्प आवाज झाला. साळवे. धुतलेला पांढरा पायजमा, आणि पायात मी कऱ्हाडहून भेट आणलेली कोरी कोल्हापुरी. चामडं पाण्यात पापडासारखं होतं आणि तळ शेवाळावर उभाच राहत नाही. ते पडले, उठले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा आबांनी काठी पुढे केली, ती धरून उभे राहिले. त्या दिवशी पूर्णेत सगळ्यात चुकीचं पायताण साळव्यांच्या पायात होतं. मला विचाराल तर तेच सगळ्यात बरोबर होतं.

"गुरुजी," नानासाहेब काठावरून म्हणाले, "समितीत बोलावं लागंल यावर."

"बोला," साळवे म्हणाले. दात वाजत होते. "मी तिथंबी चपला घालूनच येईन."

नानासाहेबांनी पुतण्याला हाक मारली. मग वळून गेले. त्यांचं मन पालटलं असं मी लिहिणार नाही, कारण पालटलेलं मला दिसलं नाही. बदलीचा कागद येईल की नाही ते साळव्यांना अजून माहीत नाही. गेल्या आठवड्यात पत्र आलं, त्यात एवढंच होतं की आबा आता रोज मोठ्या रस्त्यानं जातात, आणि भोयांच्या दोघांनी अमीनभाईंकडे नमद्याची चौकशी केली. पत्रावर गावाचा शिक्का आहे, पण हे लिहिलेलं कुणी समितीपुढे नेलं तर साळव्यांची बदली ठरलेली. म्हणून नाव लिहीत नाही.

तर नदीत उतरणाऱ्यांनो, माझं मत हे. गमबूट मेहुण्याला परत द्या. स्लिपर न्हाणीघरात ठेवा. कोल्हापुरी लग्नाला घाला. पायाला घट्ट, पुढून झाकलेलं, मागून पट्टा, पाणी सोडणारं, खाली अर्धा नमदा. अर्धाच, माझं ऐका. आणि कुणी काठावर उभं राहून म्हणालं, की काढा आणि हातात घ्या, तर काढू नका.

त्या दिवशी आबांनी एक वाम आणि तीन शिंगाडे धरले. माझ्या गळाला एकदाच ओढ लागली. ओढून बघितलं तर साळव्यांच्या कोल्हापुरीचा अंगठा.

घरी आलो. वहिनींनी माशांची टोपली उतरवून घेतली, आमच्या तिघांच्या ओल्या पायांकडे बघितलं, आणि चूल पेटवायला बसल्या. मी भारावलो होतो. आपण काहीतरी मोठं करून आलो असं वाटत होतं. तेच शब्दांत मांडावं म्हणून घसा खाकरला.

"वहिनी, आज मी..."

"भाऊजींनी किती धरले?" वहिनींनी आबांना विचारलं.

आबा चपला भिंतीला उलट्या टेकवत होते. माझी जोडी त्यांनी उचलली, नमदा दाबून पाणी काढलं, आणि आपल्या जोडीशेजारी ठेवली.

"एक बी न्हाई," ते म्हणाले. "चप्पल झकास हाय मास्तर. पुढल्या साली टपालानं नुसती तीच धाडा. तुम्ही नका येऊ."